बसथांब्यावर तिष्ठणारी मुंबई

मुंबईच्या वाहतुकीचा विषय निघाला की चर्चा प्रथम लोकलगाडीकडे वळते, मग मेट्रोकडे आणि अलीकडे सागरी किनारा मार्गाकडे. बसचे नाव निघाले तर अगदी अखेरीस, आणि तेही बहुधा तिच्या तोट्याच्या संदर्भात. २०२५ हे वर्ष या दृष्टीने मोठे बोलके ठरले. त्या वर्षीच्या मे महिन्याच्या ९ तारखेपासून बेस्टच्या साध्या बसचे किमान भाडे पाच रुपयांवरून दहा रुपये झाले, वातानुकूलित बसचे सहावरून बारा. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आरेपासून कफ परेडपर्यंतची साडेतेहतीस किलोमीटरची भुयारी मेट्रो पूर्णपणे सुरू झाली. एका घटनेचे चौघडे वाजले. दुसरीबद्दल चार दिवस कुरकुर झाली आणि लोक गप्प बसले. गरिबाच्या वाहनाचे भाडे एका फटक्यात दुप्पट होते आणि शहर ते निमूटपणे सोसते, याचा अर्थ या वाहनाकडून कोणी फारशी अपेक्षाच ठेवलेली नाही असा होतो. प्रस्तुत लेखाचा मुद्दा एवढाच आहे की ही निराशा अनाठायी असून ती शहराला महागात पडत आहे. बस ही रेल्वेची गरीब नातलग नव्हे. ती नगरवाहतुकीचा सांधा आहे, आणि सांधा निखळला की बळकट हातपायही निकामी होतात.

ही दुरवस्था आरंभापासूनची नाही. ९ मे १८७४ रोजी या शहरात घोड्यांची ट्राम धावू लागली. ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम आली. १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट या मार्गावर पहिली बस निघाली. ७ ऑगस्ट १९४७ रोजी, म्हणजे स्वातंत्र्याच्या आठ दिवस आधी, ही सारी व्यवस्था खासगी कंपनीकडून महापालिकेच्या मालकीची झाली. नगराच्या वाहतुकीवर नगराचा अधिकार असावा, हे तत्त्व त्या हस्तांतराने मान्य केले. ३१ मार्च १९६४ रोजी अखेरची ट्राम गेली, तेव्हा तिचा भार बसने उचलला. पुढची चार-पाच दशके बेस्टची बस ही मुंबईच्या अभिमानाची वस्तू होती. परगावाहून आलेला माणूस रांगेत शिस्तीने उभे राहणारे प्रवासी पाहून चकित होई. देशातील इतर शहरे आपल्या नगरसेवेची तुलना या सेवेशी करीत.

आज काय स्थिती आहे? सुमारे पंधरा वर्षांपूर्वी साडेचार हजारांवर असलेला ताफा २०२५ साली तीन हजारांच्याही खाली आला, आणि त्यांतही संस्थेच्या स्वतःच्या गाड्या थोड्या, भाड्याने घेतलेल्या अधिक. चाळीस लाखांच्या पुढे गेलेली रोजच्या प्रवाशांची संख्या तीस लाखांच्या आत आली. याच काळात शहर लहान झाले नाही, माणसांची ये-जाही घटली नाही. मग हे दहा-बारा लाख प्रवासी गेले कोठे? काही मेट्रोत गेले, हे खरे. परंतु पुष्कळसे शेअर रिक्षात कोंबले गेले, कर्ज काढून घेतलेल्या दुचाकीवर बसले आणि उरलेले पायी चालू लागले.

उभी रेल्वे, आडवे शहर

बसचे महत्त्व समजण्यासाठी मुंबईचा नकाशा डोळ्यांसमोर आणावा लागतो. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली आगगाडी धावली आणि १८६७ साली विरारहून बॅकबेकडे दुसऱ्या बाजूची गाडी आली, तेव्हापासून रेल्वेने या शहराला एक दिशा दिली: उत्तर-दक्षिण. सकाळी दक्षिणेकडे, सायंकाळी उत्तरेकडे, असा हा माणसांचा सागर दीड शतकाहून अधिक काळ भरती-ओहोटी खेळत आला. कचेऱ्या फोर्टात आणि गिरण्या परळ-लालबागेत होत्या तोवर हे ठीक होते. पुढे गिरण्या बंद पडल्या. कचेऱ्या वांद्रे-कुर्ला संकुलात, अंधेरी पूर्वेला, पवईत आणि खाडीपलीकडे ऐरोलीत गेल्या. कामाच्या जागा आडव्या पसरल्या. रेल्वे मात्र उभीच राहिली.

हा आडवा प्रवास प्रामुख्याने बस करते. वांद्रे आणि कुर्ला या दोन स्थानकांना संकुलाच्या वाटेने जोडणारी ३१० क्रमांकाची बस पाहावी. देशातील अतिश्रीमंत वित्तसंस्था जेथे वसल्या आहेत, तेथील शिपाई, टंकलेखक, सुरक्षारक्षक आणि तरुण अधिकारी यांना त्यांच्या दारापर्यंत नेण्याचे काम वर्षानुवर्षे या एका मार्गाने केले आहे. २०१४ साली वर्सोवा ते घाटकोपर ही मेट्रो सुरू झाली आणि पहिल्या दिवसापासून भरून वाहू लागली, त्याचेही कारण हेच. ती आडवी धावते. परंतु साडेअकरा किलोमीटरची ती एक रेषा उभी राहण्यास अनेक वर्षे लागली. बसचा नवा मार्ग महिनाभरात आखता येतो, चुकला तर बदलताही येतो. वाढत्या आणि क्षणोक्षणी रूप पालटणाऱ्या शहराला ही लवचीकता केवढी मोलाची आहे, हे सांगावयास नको.

बस लोकलची जागा घेईल, असे येथे मुळीच सुचवावयाचे नाही. रोज पाऊणकोट माणसांची ने-आण करणाऱ्या उपनगरी रेल्वेला पर्याय नाही. तिच्या गर्दीत चौरस मीटरभर जागेत चौदा-सोळा माणसे उभी असतात, आणि अपघातांत दरसाल दोन हजारांहून अधिक माणसे प्राणास मुकत आली आहेत. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर तेवीस जण चेंगरून मेले. ९ जून २०२५ रोजी दिवा-मुंब्रा दरम्यान दोन गाड्या एकमेकींजवळून जाताना दारात लोंबकळणारे प्रवासी खाली पडले आणि त्यांतील किमान चौघांचा अंत झाला. या भयंकर गर्दीवरचे उपाय रेल्वेनेच करावयाचे आहेत: अधिक मार्गिका, अधिक फेऱ्या, अधिक लांबीच्या आणि आपोआप दारे मिटणाऱ्या गाड्या. परंतु लोकलमध्ये चढण्यापूर्वी आणि उतरल्यानंतर जो प्रवास असतो, त्याचा विचार रेल्वे करू शकत नाही. तो नगराचा धर्म आहे. एल्फिन्स्टनचा पूल अरुंद होता हे जितके खरे, तितकेच हेही खरे की आपल्या बहुतेक स्थानकांबाहेर बसला उभे राहण्यापुरती मोकळी जागादेखील आपण राखलेली नाही.

करोनाच्या साथीने या प्रश्नाची कठोर परीक्षा घेतली. मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाली. जूनमध्ये ती केवळ अत्यावश्यक सेवेतील लोकांसाठी सुरू झाली, आणि सर्वसामान्यांना फेब्रुवारी २०२१ पर्यंत, तेही ठरावीक वेळांपुरती, वाट पाहावी लागली. त्या काळात परिचारिका, सफाई कामगार, पोलीस आणि बँकेतील कर्मचारी यांना कामावर नेले ते बेस्टच्या चालक-वाहकांनी. त्यांतील अनेकांनी आपले प्राणही गमावले. संकटकाळी जिच्यावाचून शहराचे पान हलले नाही, ती सेवा संकट टळताच पुन्हा ओझे ठरली. कृतघ्नता हा शब्द कठोर आहे. पण याहून सौम्य शब्द सापडत नाही.

आधी घर, मग वाट

उपनगरांची आणि त्यांपलीकडील नव्या वस्त्यांची कहाणी याहून उद्बोधक आहे. मुंबईवरचा भार हलका करण्यासाठी खाडीपलीकडे नवे शहर वसवावे, ही कल्पना चार्ल्स कोरिया, शिरीष पटेल आणि प्रवीणा मेहता यांनी १९६५ साली मांडली. १९७० साली सिडको स्थापन झाली. १९७३ साली वाशीचा पूल झाला. परंतु मानखुर्दहून वाशीला रेल्वे पोचली ती ९ मे १९९२ रोजी, म्हणजे सिडकोच्या स्थापनेनंतर तब्बल बावीस वर्षांनी. तोवर नव्या शहरात राहावयास आलेल्या माणसाने बसच्या आधारावर दिवस काढले. उरणकडे जाणारा फाटा तर पूर्णत्वास गेला तो जानेवारी २०२४ मध्ये. एक गोष्ट मात्र या प्रकरणात शिकण्यासारखी होती. या रेल्वेचा दोन-तृतीयांश खर्च सिडकोने उचलला, कारण गाडी आली की जमिनीचे मोल वाढते आणि ते वाढलेले मोल सार्वजनिक कामासाठी वळविता येते, हे तिला उमगले होते.

हा धडा नंतर विसरला गेला. विरार, नालासोपारा, टिटवाळा, बदलापूर येथे मनोऱ्यांवर मनोरे चढले. जाहिरातींत स्थानक पाच मिनिटांवर असते. प्रत्यक्षात ती पाच मिनिटे कोणत्या वाहनाने, हे सांगण्याची तसदी कोणी घेत नाही. सकाळी शेअर रिक्षाची रांग, मग लोकल, मग पुन्हा एकदा रिक्षा वा पायपीट, असा या नव्या चाकरमान्याचा नित्यक्रम असतो. मासिक रेल्वेपासाने पन्नास किलोमीटरचा प्रवास जितक्यात होतो, तितकेच किंबहुना अधिक पैसे घर ते स्थानक या दोन किलोमीटरसाठी रिक्षाला मोजावे लागतात. ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, मीरा-भाईंदर, वसई-विरार येथील पालिकांच्या स्वतंत्र परिवहन सेवा आहेत खऱ्या. पण त्यांतील काहींचा ताफा लोकवस्तीच्या मानाने इतका तोकडा आहे की बसची वाट पाहणे हा तेथील प्रवाशांस कालापव्यय वाटतो.

याचा सर्वाधिक जाच कोणाला होतो, तेही पाहिले पाहिजे. दहा ते पाच नोकरी करणाऱ्या पुरुषाचा प्रवास सरळ असतो: घर, स्थानक, कचेरी आणि परत. स्त्रीचा प्रवास तसा नसतो. मुलाला शाळेत सोडणे, वाटेत भाजी घेणे, सासूबाईंना रुग्णालयात नेणे आणि यांतून आपले काम गाठणे, असे त्याचे अनेक तुकडे असतात. हे तुकडे लोकल वा मेट्रो सांधू शकत नाही. ते काम बसचे. चार घरची धुणीभांडी करणारी बाई, केईएम किंवा शीव रुग्णालयात तपासणीसाठी जाणारा वृद्ध, शाळकरी मुले, यांना दुप्पट झालेले भाडे आणि दुप्पट झालेली प्रतीक्षा या दोन्ही गोष्टी एकदम सोसाव्या लागतात. मासिक पास नऊशेवरून अठराशे रुपयांवर गेला, तो आकडा मोटारवाल्यास किरकोळ वाटेल. ज्या घरात महिन्याच्या अखेरीस दुधाचाही हिशेब होतो, तेथे तो किरकोळ नसतो.

तोटा कशाला म्हणावे?

बेस्ट तोट्यात आहे, मग भाडे वाढविल्यावाचून गत्यंतर काय, असा प्रश्न केला जाईल. तो रास्त आहे आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. पूर्वी विद्युत विभागाच्या शिलकीतून परिवहन विभागाची तूट भरून निघे. विजेच्या दरांचे नियमन स्वतंत्र आयोगाकडे गेले, वीजग्राहकाने बसप्रवाशाचा भार का सोसावा असा वाद उपस्थित झाला, आणि ती वाट बंद झाली. वाट बंद झाली यात गैर काही नाही. गैर हे की तिच्या जागी दुसरी वाट कोणी तयार केली नाही. संस्थेला कर्जाच्या आणि तात्पुरत्या अनुदानाच्या आश्रयावर सोडण्यात आले. मग स्वतःच्या गाड्या घेण्याऐवजी कंत्राटदारांच्या गाड्या चालक-सह भाड्याने घेण्याचा मार्ग काढला गेला. त्यांतील काही कंत्राटदारांनी परवडत नाही म्हणून मध्येच अंग काढून घेतले आणि शेकडो गाड्या रस्त्यावरून नाहीशा झाल्या. काटकसरीचा हा उपाय रोगाहून भारी ठरला.

मुळात सार्वजनिक वाहतुकीचा तोटा आणि दुकानदाराचा तोटा या दोन भिन्न गोष्टी आहेत. उद्यानाला तोटा होतो असे कोणी म्हणत नाही; पदपथ, दिवाबत्ती, अग्निशामक दल यांच्या नफ्यातोट्याचा ताळेबंद कोणी मांडत नाही. एवढे कशाला, सुमारे चौदा हजार कोटी रुपये खर्चून बांधलेल्या साडेदहा किलोमीटरच्या सागरी किनारा मार्गावर टोल नाही, आणि त्याने दरसाल किती तोटा केला हे विचारण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. त्या मार्गावरून जाणारी वाहने बहुसंख्येने खासगी मोटारी आहेत. त्याच रकमेत आजच्या भावाने काही हजार नव्या बसगाड्या आल्या असत्या. महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटी रुपयांचा होता आणि त्यात बेस्टसाठी तरतूद होती एक हजार कोटींची; म्हणजे शंभर रुपयांतील एक रुपया चौतीस पैसे. मोटारीसाठी केलेला खर्च ती ‘गुंतवणूक’ आणि बससाठी केलेला खर्च तो ‘तोटा’, ही भाषा जोवर बदलत नाही तोवर धोरण बदलणार नाही.

भाड्याचा आणि प्रवासीसंख्येचा संबंधही अनुभवाने सिद्ध झालेला आहे. जुलै २०१९ मध्ये किमान भाडे आठ रुपयांवरून पाचवर आणले गेले, तेव्हा दुरावलेले प्रवासी थोड्याच काळात मोठ्या संख्येने परतले. परतलेल्या प्रवाशांना पुरतील एवढ्या गाड्या वाढविल्या असत्या तर ते टिकले असते. स्वस्त पण न येणारी बस आणि येणारी पण महाग बस, या दोन्ही प्रवाशाला सारख्याच निरुपयोगी होत.

रस्ता कुणाचा?

गाड्या वाढविल्या तरी त्या कोंडीतच अडकणार, मग काय उपयोग, हा दुसरा आक्षेप. या आक्षेपातच उत्तर दडलेले आहे. मुंबईत सुमारे दोन हजार किलोमीटरचे रस्ते आणि चाळीस लाखांहून अधिक वाहने आहेत. दोन-तीन मोटारींची जागा व्यापणारी बस पन्नास-साठ माणसे नेते. त्या दोन-तीन मोटारींत मिळून चार-पाच माणसे असतात. ज्या शहरात जागा हीच सर्वांत दुर्मिळ वस्तू आहे, तेथे रस्त्याची वाटणी वाहनांच्या संख्येने न करता माणसांच्या संख्येने व्हावी, हा साधा न्याय आहे. पश्चिम आणि पूर्व द्रुतगती महामार्ग, जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता, सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्ता यांवर गर्दीच्या वेळी एक मार्गिका बसकरिता राखून ठेवली आणि ती खरोखरच मोकळी राहील हे पाहिले, तर तेवढ्याच गाड्या तेवढ्याच दिवसात अधिक फेऱ्या करतील. नवी गाडी न घेता ताफा वाढविण्याचा याहून स्वस्त उपाय नाही.

पुण्यात २००६ साली बससाठी स्वतंत्र मार्गिकांचा प्रयोग झाला आणि तो रखडला, ही गोष्ट खरी. पुढे त्यांतील काही भाग काढूनही टाकण्यात आला. परंतु तो कल्पनेचा पराभव नव्हता; अर्धवट आखणी, तुटक मार्ग आणि घुसखोर वाहनांबाबतची बोटचेपी वृत्ती यांचा तो परिणाम होता. सिंगापूरने १९७५ साली शहराच्या गाभ्यात गर्दीच्या वेळी शिरणाऱ्या मोटारींवर आकार बसविला. लंडनने २००३ साली तेच केले, आणि त्या उत्पन्नाचा विनियोग वाहतूक सुधारण्यासाठीच व्हावा असे बंधन घालून घेतले. आपल्याकडे रस्त्याच्या कडेला रात्रंदिवस फुकट उभ्या राहणाऱ्या मोटारीकडून जागेचे योग्य भाडे घ्यावे, असे नुसते सुचविले तरी गहजब होतो. पाच माणसांच्या कुटुंबाला शंभर चौरस फूट जागा मिळविण्यासाठी ज्या शहरात आयुष्य वेचावे लागते, तेथे तेवढीच जागा एका रिकाम्या मोटारीला विनामूल्य मिळते!

एक तिकीट, एक सूत्रधार

तिसरी गोष्ट सूत्रचालनाची. मुंबई महानगर प्रदेशात नऊ महापालिका आहेत. लोकल केंद्राची, मेट्रो निरनिराळ्या संस्थांची, बस ज्या-त्या पालिकेची, रिक्षा-टॅक्सीचे परवाने परिवहन खात्याचे. प्रवासी मात्र एकच असतो, आणि घरातून निघून कामावर पोचेपर्यंत तो तीन-चार राज्यांच्या सीमा ओलांडल्याप्रमाणे वेगवेगळी तिकिटे काढतो. या सर्वांत मेळ घालणारे एकीकृत प्राधिकरण २००८ साली शासननिर्णयाने कागदावर आले, पण आदेश देण्याचे आणि पैसा खर्च करण्याचे बळ त्याच्या हाती आले नाही. चेन्नईने यासाठी २०१० साली स्वतंत्र कायदा केला. कोणती बस कोणत्या गाडीला मिळावी, एक तिकीट सर्वत्र कसे चालावे, मेट्रोच्या प्रत्येक स्थानकाबाहेर बस उभी राहण्यास जागा असावी की नाही, हे ठरविणारा एक अधिकारी आणि त्याला जाब विचारणारे एक लोकनियुक्त मंडळ असल्यावाचून अब्जावधींच्या योजना परस्परांशी बोलणार नाहीत. भुयारी मेट्रोसाठी सदतीस हजार कोटींहून अधिक खर्च झाला. तिच्या स्थानकातून वर येणाऱ्या माणसाला पुढच्या दीड किलोमीटरसाठी बस मिळाली नाही, तर त्या प्रचंड खर्चाचा लाभ स्थानकालगतच्या जमीनमालकापुरताच उरेल.

काय करावे, हे वरील विवेचनातून स्पष्ट व्हावे. बसचा ताफा पुन्हा साडेचार हजारांच्या पुढे न्यावा आणि त्याचा मोठा हिस्सा संस्थेच्या मालकीचा असावा. मोटारींच्या थांब्यांचे शुल्क, वाढीव चटईक्षेत्रापोटी मिळणारा पैसा आणि पालिकेच्या अर्थसंकल्पाचा ठरावीक हिस्सा यांतून तिला कायमचे, हक्काचे उत्पन्न मिळावे. वर्षातून चार वेळा याचना करण्याची पाळी तिच्यावर येऊ नये. आगारांच्या जमिनी विकासकांच्या घशात जाऊ देऊ नयेत, कारण आगार गेले की बस कायमची गेली. मुख्य रस्त्यांवर राखीव मार्गिका द्याव्यात. आणि लोकल, मेट्रो व बस यांचे एकच तिकीट असावे. यांतील एकही गोष्ट अभूतपूर्व नाही, एकीसाठीही भूगर्भ खणावा लागत नाही. लागते ती फक्त या शहराच्या रस्त्यांवर कोणाचा पहिला हक्क आहे हे ठरविण्याची हिंमत.

ती हिंमत राज्यकर्त्यांनी दाखवावी यासाठी थोडा रेटा नागरिकांनीही लावावयास हवा. उड्डाणपुलाची मागणी करणारा नगरसेवक लोकप्रिय होतो. पंचवीस मिनिटे बस का आली नाही, असे सभागृहात विचारणारा क्वचितच आढळतो, कारण हा प्रश्न त्याला मतदार विचारीत नाहीत. थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाला संघटना नसते, व्यासपीठ नसते, आणि बस आली की तो आपली तक्रार तेथेच सोडून आत चढतो. पण तीच माणसे रोज वीस-पंचवीस लाखांच्या संख्येने या शहरात तिष्ठत उभी असतात. मोटारीसाठी पूल बांधून दमलेल्या शासनाने एकदा त्यांच्या रांगेत उभे राहून बघावे. शहराची प्रगती किती झाली, हे तेथे जितके नेमके कळेल, तितके कोणत्याही पुलाच्या उद्घाटनात कळणार नाही.